खाडीचं डिझेल, बाडीचं डिझेल

रायपूरहून नागपूरला स्वतःच्या गाडीने जाणारी मराठी कुटुंबं थोडीथोडकी नाहीत, आणि त्या सगळ्यांचा एक नियम ठरलेला असतो. जाताना टाकी बाघनदीच्या अलीकडे भरून घ्यायची. नदी ओलांडली, देवरीची हद्द लागली, की पेट्रोल लिटरमागे चार-पाच रुपयांनी महाग होतं. येताना उलट. काटा तळाला टेकला तरी चालेल, पण राजनांदगाव जिल्ह्यात येऊनच भरायचं.

तेल तेच, कंपनी तीच. १९५६ पर्यंत या नदीच्या दोन्ही काठांवर सरकारही एकच होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. मग फरक कुठून येतो? फरक येतो करातून. आज आपण कराबद्दल बोलणारच आहोत. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, जी रायपूरबाहेरच्या फार कमी लोकांच्या लक्षात राहिली आहे. रायपूरच्या सरकारने एकेकाळी ठरवलं होतं की हा सगळा प्रश्नच मुळातून सोडवायचा. डिझेल विकत घ्यायचंच नाही, झुडपावर पिकवायचं.

घोषणा होती, "डीज़ल नहीं अब खाड़ी से, डीज़ल मिलेगा बाड़ी से." खाडी म्हणजे आखाती देश. आणि बाडी म्हणजे घराच्या मागची परसबाग, जिथे भाजीपाला लावतात आणि भोवती कुंपण घालतात. घोषणा म्हणून झकास. यमक जुळलं, शेतकऱ्याला कळलं, पेपरवाल्यांना मथळा मिळाला. धोरणाचं यमक जुळणं ही मला तेव्हापासून जरा धोक्याचीच खूण वाटते.

साल २००५. राज्य जेमतेम चार वर्षांचं. मुख्यमंत्री डॉ. रमणसिंह, कवर्ध्याचे, आयुर्वेदाचे डॉक्टर. जानेवारीत छत्तीसगड बायोफ्युएल विकास प्राधिकरण स्थापन झालं. झुडूप निवडलं रतनजोत. महाराष्ट्रात आपण त्याला मोगली एरंड म्हणतो, कुणी चंद्रज्योत म्हणतं, आणि सरकारी कागदात ते जट्रोफा असतं. कुंपणाला लावतात, कारण ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. बी चेचली की तेल निघतं. ते खाण्याचं नाही, दिव्याचं, साबणाचं. त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया केली की बायोडिझेल. मुख्यमंत्र्यांची स्वतःची गाडी या तेलावर धावू लागली. त्याचे फोटो सगळीकडे छापून आले. राज्याने लक्ष्य जाहीर केलं ते २०१२ पर्यंत दहा लाख हेक्टरांचं.

ही कल्पना काही रायपूरच्या डोक्यातून निघालेली नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. नाशिकचे विनायकदादा पाटील, नीलगिरीच्या शेतीचे मोठे पुरस्कर्ते, त्यांनी मोगली एरंडाचा प्रयोग ऐंशीच्या दशकातच करून पाहिला होता. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेल घालून धावली. राष्ट्रपती कलाम जाईल तिथे या झुडपाबद्दल बोलत होते. आणि एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की २०११-१२ पर्यंत देशातल्या डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळता येईल, त्यासाठी एक कोटी बारा लाख हेक्टरांवर जट्रोफा लावावा लागेल.

इथे जरा थांबू, कारण घोळ इथेच आहे. अहवालातलं गणित असं होतं. दोन मीटर बाय दोन मीटर अंतरावर झाड लावलं तर हेक्टरी २५०० झाडं बसतात. एका झाडाला दीड किलो बी. म्हणजे हेक्टरी पावणेचार टन बी, त्यातून सुमारे १.२ टन तेल. कागदावर कुठेही चूक नाही. पण दीड किलो बी देणारं झाड कुठे पाहिलं होतं? ज्या झाडाला पाणी मिळतं, खत मिळतं, छाटणी होते, त्याचं ते उत्पन्न. आणि लावायचं कुठे ठरलं होतं? पडीक जमिनीवर. ज्या गुणासाठी झुडूप निवडलं, म्हणजे कुठेही जगतं, त्याच गुणाला लोकांनी कुठेही पिकतं असं वाचलं. जगणं वेगळं, पिकणं वेगळं. हे कोरडवाहू शेती करणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मुरमाड जमिनीत बहुतेक ठिकाणी कागदावरच्या उत्पन्नाच्या निम्मंही हाती आलं नाही.

आता 'पडीक' या शब्दाबद्दल. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला चार नावं देतो. कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपली काळी. भाठा म्हणजे उंचवट्यावरची लाल, मुरमाड. धान तिथे होत नाही, म्हणून महसूल खात्याच्या नजरेत ती बहुतेक पडीक. पण गावाच्या नजरेत तीच चराई. पावसाळ्यात खालच्या शेतांत धान उभं असतं, तेव्हा गावची ढोरं भाठ्यावर जातात. तिथे एकाएकी असं झुडूप लावलं, जे ढोरं खात नाहीत. काही ठिकाणी आदिवासी कुटुंबं अशा जमिनी पट्ट्याशिवाय कसत होती. रोपांच्या रांगा तिथेही आल्या. पैसा कुठला? बराचसा रोजगार हमीचा. २००६ पासून नरेगा आली, खड्डे खणायला मजुरी मिळाली. त्या मजुरीचं मोल मी कमी लेखत नाही. खड्डा खणणाऱ्याला त्या वर्षी पैसे मिळाले, ते खरेच मिळाले. पण खड्ड्यांचा हिशोब ठेवणं सोपं असतं. त्यातलं रोप तिसऱ्या वर्षी कुठे आहे, याचा हिशोब ठेवायला कुणी नव्हतं.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी राजिमच्या बाजूला स्वतःच्या दोन एकरांत रतनजोत लावली. सांगणारे आले होते, रोपंही स्वस्तात मिळाली. चौथ्या वर्षी बी धरली. पण या झुडपाच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. आज चार, परवा सहा, असं हाताने वेचावं लागतं. मजूर लावला तर बी मजुरीतच संपते. ते पोतं घेऊन बाजारात गेले, तर घेणारा कुणी नव्हता. "बी कोण घेणार, ते विचारायचं राहिलंच," एवढंच ते म्हणाले. मग एक दिवस ट्रॅक्टर लावून सगळं उपटलं.

घेणारा का नव्हता? याचं उत्तर शेतात नाही, दिल्लीत आहे.

ऑक्टोबर २००५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने बायोडिझेल खरेदीचं धोरण जाहीर केलं. सरकारी तेल कंपन्या १ जानेवारी २००६ पासून ठरावीक केंद्रांवर बायोडिझेल घेतील, भाव लिटरला २५ रुपये. छत्तीसगड सरकारने शेतकऱ्याला बीचा हमीभाव दिला होता किलोला साडेसहा रुपये. एक लिटर तेलाला साडेतीन किलो बी धरा. नुसत्या बीचेच पावणेतेवीस रुपये झाले. त्यात गाळणी, प्रक्रिया, मिथेनॉल, वाहतूक आणि नफा सगळं सव्वादोन रुपयांत बसवायचं. शेतकऱ्याला साडेसहा रुपयेही कमीच होते आणि कारखान्याला तेही परवडत नव्हते. त्या खरेदी केंद्रांवर बायोडिझेल जवळजवळ आलंच नाही.

पण मग भाव पंचवीसच का? कारण खुद्द डिझेलच तेव्हा खर्चापेक्षा कमी भावाने विकलं जात होतं. सप्टेंबर २००५ मध्ये दिल्लीत डिझेल साडेतीस रुपयांच्या आसपास होतं. जगात कच्चं तेल वर जात होतं, जुलै २००८ मध्ये ते पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. सरकार मात्र पंपावरचा भाव दाबून धरत होतं आणि कंपन्यांचा तोटा भरून काढायला त्यांना रोख पैशांऐवजी तेलरोखे देत होतं. म्हणजे बघा, एका हाताने सरकार खाडीचं डिझेल स्वस्त ठेवत होतं आणि दुसऱ्या हाताने शेतकऱ्याला सांगत होतं, त्याच्याशी स्पर्धा कर. सरकारनेच स्वस्त करून ठेवलेल्या मालापुढे कुठलं झुडूप टिकणार?

भाव सरकारने दाबून धरण्याची ही रीत जुनी. एस्सो १९७४ मध्ये, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स १९७६ मध्ये सरकारच्या ताब्यात आल्या, आणि तेव्हापासून २००२ पर्यंत पंपावरचा भाव दिल्लीतच ठरत असे. त्याआधीही भाव वाढला की राजकारण पेटतच असे. १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, तो प्रसंग पुष्कळांना माहीत असेल. एप्रिल २००२ मध्ये वाजपेयींच्याच सरकारने कागदावर भाव मोकळे केले. पण तेल चढू लागलं तसे ते पुन्हा दाबले गेले. पेट्रोल खऱ्या अर्थाने मोकळं झालं जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये.

आणि गंमत अशी की डिझेल मोकळं झालं, म्हणजे पर्यायी इंधनाला प्रथमच खरी संधी आली, तेव्हाच कच्चं तेल कोसळलं. पंपावर त्याचा फायदा किती पोहोचला? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवरचं ९.४८ रुपयांवरून २१.४८ वर, डिझेलवरचं ३.५६ वरून १७.३३ वर.

तोवर रायपूरचं स्वप्न विरत चाललं होतं. इंडियन ऑइल आणि राज्याची अक्षय ऊर्जा संस्था क्रेडा यांनी २००९ मध्ये मिळून एक कंपनी काढली, इंडियन ऑइलचा वाटा ७४ टक्के, क्रेडाचा २६. हिंदुस्थान पेट्रोलियमनेही क्रेडाबरोबर अशीच एक काढली. हजारो हेक्टरांची योजना होती. पुढे तेल कंपन्यांनी दोन्हींतून हात काढून घेतला. २०१२ आलं आणि गेलं. दहा लाख हेक्टर झाले नाहीत, वीस टक्केही झाले नाहीत. शाळांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला झुडपं मात्र राहिली. आणि दर वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी गावातून बातमी येऊ लागली की मुलांनी रतनजोतच्या बिया शेंगदाण्यासारख्या म्हणून खाल्ल्या, उलट्या सुरू झाल्या, रुग्णालयात नेलं. या मोहिमेच्या हिशोबात हाही एक आकडा धरायला हवा, पण तो कुणी मांडत नाही.

मग २७ ऑगस्ट २०१८. डेहराडूनहून दिल्लीला एक विमान उडालं, स्पाइसजेटचं क्यू-४००. त्याच्या इंधनात जट्रोफापासून केलेलं जैवइंधन २५ टक्के मिसळलेलं होतं. तेल तयार केलं डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने. आणि बी आली होती छत्तीसगडातून, सुमारे पाचशे शेतकरी कुटुंबांकडून गोळा केलेली. शास्त्रज्ञांचं काम खरोखर अव्वल होतं, त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. पण आम्हा रायपूरकरांना त्या दिवशी जरा विचित्र वाटलं. तेरा वर्षांपूर्वी राज्यभर लावलेल्या झुडपांचं काय झालं, हे विचारायला कुणी येत नव्हतं, आणि आज तीच बी आकाशात.

दोनच आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, नितीन गडकरी दुर्ग जिल्ह्यात चरोद्याला आले. आपले नागपूरचे, बोलायला मोकळे. त्या दिवशी दिल्लीत पेट्रोल ८० रुपयांच्या वर होतं. त्यांनी सांगितलं की इथेनॉलचे कारखाने उभे राहत आहेत, जैवइंधनामुळे डिझेल ५० रुपयांत आणि पेट्रोलला पर्याय ५५ रुपयांत मिळेल. छत्तीसगड जैवइंधनाचं केंद्र होऊ शकतं, असंही म्हणाले. राज्याच्या निवडणुका तोंडावर होत्या. डिसेंबरात निकाल लागला, रमणसिंहांचं सरकार गेलं, भूपेश बघेल आले. त्यांच्या सरकारचीही एक घोषणा होती, नरवा, गरवा, घुरवा, बारी. ओढा, गुरं, उकिरडा आणि तीच ती परसबाग. या वेळी बारीत डिझेल नव्हतं, भाजीपालाच होता. तेवढं बरं झालं.

यानंतरचं युद्ध मात्र थेट कराचं झालं, आणि इथून मी परत बाघनदीच्या पंपावर येतो.

मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालेलं असताना, केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. २०२०-२१ या एका वर्षात पेट्रोलियम पदार्थांच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळाले सुमारे ३.७२ लाख कोटी रुपये. आणि भाव कमी का करत नाही, तर म्हणे जुन्या सरकारचे तेलरोखे फेडायचे आहेत. ते रोखे होते सगळे मिळून सुमारे १.३४ लाख कोटींचे, आणि तेही वर्षानुवर्षांत फेडायचे. या एका कारणावर माझा तरी विश्वास बसला नाही. पैसा महासाथीत लागला, रस्त्यांना लागला, हे सांगितलं असतं तर ते अधिक प्रामाणिक झालं असतं.

पण खरी मेख पुढे आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर लिटरभर पेट्रोलवर केंद्राचे ३२.९० रुपये होते. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क किती? एक रुपया चाळीस पैसे. बाकीचे साडेएकतीस रुपये अधिभार आणि विशेष शुल्काच्या नावाने. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कातून, ४१ टक्के. म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे. त्यात पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे छत्तीसगडचा वाटा ३.४०७ टक्के. देशात कुठेही विकलेल्या एका लिटरमागे छत्तीसगडला येत होते दोन पैसे. महाराष्ट्राला साडेतीन पैसे. हा हिशोब मी दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा वाटलं दशांश चिन्ह चुकलं.

मग राज्यं काय करतात? आपला व्हॅट घट्ट धरून बसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले आणि राज्यांना सांगितलं, आता तुम्ही करा. रायपुरात भाजप रस्त्यावर. बघेलांचं उत्तर असं की केंद्राने शुल्क आधी यूपीएच्या काळातल्या पातळीवर आणावं. शेवटी त्या महिन्याच्या २२ तारखेला राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट एक टक्क्याने आणि डिझेलवरचा दोन टक्क्यांनी कमी केला. मधल्या काळात पंपावरचा माणूस दोन्ही पक्षांची पत्रकं वाचत होता. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं, हीच त्यातली पंचाईत. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणा, असं आपण सगळे म्हणतो. संविधानात त्याची तरतूद आहे, तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे. ती ठरत नाही, कारण केंद्र आणि राज्य ज्या एका बाबतीत एकत्र आहेत ती हीच.

शेवटी कवर्ध्याला जाऊ. हो, रमणसिंहांचं कवर्धा. तिथल्या भोरमदेव सहकारी साखर कारखान्याच्या आवारात इथेनॉलचा कारखाना उभा राहिला, बघेलांच्या काळात, सरकारी-खासगी भागीदारीतून. झुडूप गेलं, ऊस आला, आणि मागोमाग तांदूळ. धानापासून इथेनॉल करू द्या, असं बघेल दिल्लीला सतत सांगत होते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत केंद्राने २०३० वरून २०२५ वर आणली आणि ते लक्ष्य गाठलंही. हे रतनजोतच्या बाबतीत झालं नव्हतं. इथे खरेदीची हमी होती, भाव परवडणारा होता. सरकारने ठरवलं तर घडतं, याचा हा पुरावा आहे.

पण हिशोब बघा. छत्तीसगडचं सरकार शेतकऱ्याकडून धान घेतं क्विंटलला ३१०० रुपयांनी, एकरी २१ क्विंटलपर्यंत. एक क्विंटल धानातून तांदूळ निघतो ६७ किलो. म्हणजे तांदूळ पडला किलोला ४६ रुपये. आणि अन्न महामंडळाने २०२४-२५ मध्ये इथेनॉलसाठी जो ५२ लाख टन तांदूळ देऊ केला, त्याचा भाव होता किलोला साडेबावीस रुपये. २०२४-२५ मध्ये छत्तीसगडने सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केलं, आणि उरलेलं लिलावात तोट्याने विकावं लागलं. शेतकऱ्याला भाव मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण मधला फरक भरतो कोण? तुम्ही आणि मी, पंपावर आणि इतरत्र.

आणि पंपावरचा भाव? तो खाली आला नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं आणि त्यासाठी ग्राहकाला करात सवलत द्यावी, असंही सुचवलं होतं. मिसळणं झालं. सवलत राहिली.

मागच्या महिन्यात नागपूरला निघालो होतो. बाघनदीच्या अलीकडे नेहमीप्रमाणे टाकी भरली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने पेट्रोल एक रुपयाने स्वस्त केलं, त्यामुळे पाटीवरचा आकडा शंभरीच्या जरा खाली होता. पंपाच्या मागच्या कुंपणाला मोगली एरंडाची चार-पाच झुडपं होती, शेंगा वाळून फुटलेल्या, बिया खाली पडलेल्या. पोऱ्याला विचारलं, हे कोणी लावलं? तो म्हणाला, "पहिले से है, साहब."

पुढच्या भागात कोरब्याला जाऊ. कोळसा आणि वीज. भेटू.